न मानलेला सल्ला, न दाखवलेला सल्ला

9 फेब्रुवारी 2010 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांग्याच्या लागवडीला स्थगिती दिली. चारच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर 2009 मध्ये, त्यांच्याच मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीने, म्हणजे जीईएसीने, या वाणाला मंजुरी दिली होती. मंत्र्यांनी तज्ज्ञांचा सल्ला मानला नाही. पण तो न मानण्याची त्यांची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. नागपूर धरून सात शहरांत त्यांनी जाहीर सुनावण्या घेतल्या. शेतकरी, बियाणे कंपन्या, डॉक्टर, कृषिशास्त्रज्ञ यांचे ऐकून घेतले, राज्य सरकारांची मते मागवली, आणि निर्णय देताना आपली कारणे सविस्तर लिहून ती आलेल्या पत्रांसह लोकांपुढे ठेवली. वाण जालन्याच्या महिको कंपनीचे होते. त्याच्या सुरक्षिततेची माहितीही मुख्यतः कंपनीनेच केलेल्या किंवा करवून घेतलेल्या चाचण्यांतून आलेली होती. स्वतंत्र चाचणीचा अभाव हा त्या कारणांतला एक कळीचा मुद्दा होता. तो निर्णय चुकला असे मानणारे शास्त्रज्ञ तेव्हाही होते, आजही आहेत. पण त्यांना वाद घालायला समोर एक लेखी कागद आहे.

यानंतर महिन्याभरातच, मार्च 2010 मध्ये, याच मंत्र्यांनी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समिती नेमली. समितीने 31 ऑगस्ट 2011 रोजी अहवाल दिला. तोवर मंत्री बदलले होते. अहवाल मंत्रालयातच राहिला. माहितीच्या अधिकारात तो मागितला गेला तेव्हा नकार मिळाला. प्रकरण केंद्रीय माहिती आयोगाकडे गेले आणि आयुक्त शैलेश गांधी यांनी एप्रिल 2012 मध्ये अहवाल खुला करण्याचा आदेश दिला. मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तिथेही हरल्यावर मे 2012 च्या अखेरीस अहवाल लोकांच्या हाती आला. तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंतच्या डोंगररांगेत कोट्यवधी माणसे राहतात. त्यांच्या पाण्याबद्दल, जमिनीबद्दल, खाणींबद्दल त्यांच्याच पैशाने तयार झालेला अहवाल त्यांना दाखवू नये म्हणून सरकार न्यायालयात उभे राहिले होते.

या दोन घटनांमधला फरक हाच या संग्रहाचा पाया आहे. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला तज्ज्ञांचा सल्ला नाकारण्याचा पुरेपूर अधिकार आहे. शास्त्रज्ञ निवडणूक लढवत नाहीत आणि निर्णयाची किंमतही बहुतेक वेळा ते मोजत नाहीत. पण सल्ला नाकारणे वेगळे आणि दडवणे वेगळे. नाकारलेल्या सल्ल्यावर चर्चा होते, तो पुढच्या सरकारला उपयोगी पडतो, कधी कधी तो चुकीचाही ठरतो. दडवलेला सल्ला चूक की बरोबर हे कुणालाच तपासता येत नाही. म्हणून सल्लागार किती निर्भीड आहे यापेक्षा चार साधे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. समितीला प्रश्न कोणी घालून दिला? माहिती कोणाकडून आली? अहवाल कोण आणि केव्हा प्रसिद्ध करणार? तो न मानल्यास कारण लिहून देण्याचे बंधन कोणावर आहे? माणसाच्या सचोटीवर विसंबून उभारलेली व्यवस्था तो माणूस निवृत्त झाला की कोसळते, हे आपण पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

आपल्याकडे या विषयाची सुरुवात सांगायची तर ती मुंबईतच सापडते. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या अपुऱ्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतरच्या महिन्यांत पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्या हाताखाली गोरे सैनिक घराघरांत शिरून झडत्या घेत होते, माणसांना बाहेर काढत होते, सामान जाळत होते. त्याचा शेवट चापेकर बंधूंच्या गोळीत झाला, हे प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. रोग्याला वेगळे ठेवणे, घर निर्जंतुक करणे या उपायांमागे तेव्हाचे वैद्यकशास्त्र होते. लोकांना विश्वासात घेण्याची गरज मात्र कुणाला वाटली नाही. शास्त्राच्या नावाने केलेल्या सक्तीची आठवण समाज किती काळ बाळगतो, हे पुढच्या प्रत्येक लसीकरण मोहिमेत दिसत आले.

हाफकिन यांच्याच वाट्याला आलेला दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. ऑक्टोबर 1902 मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. त्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली गेली होती. सरकारी चौकशीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना कामावरून दूर केले. प्रत्यक्षात बाटली गावात उघडताना एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. बाटली प्रयोगशाळेतच दूषित झाली असती तर ती उघडताना तिला वास यायला हवा होता, आणि तसा वास आला नव्हता. हे तपशील उपलब्ध असूनही रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना जाहीरपणे बाजू मांडावी लागली आणि हाफकिन निर्दोष ठरायला 1907 साल उजाडले. परळच्या प्रयोगशाळेला 1925 मध्ये त्यांचे नाव दिले गेले. सरकारला तज्ज्ञ हवा असतो तो दोन कामांसाठी: मार्ग दाखवायला आणि प्रसंग आला की दोष घ्यायला. इटलीतल्या लाक्विला शहरात एप्रिल 2009 मध्ये भूकंप होऊन 300 हून अधिक माणसे मेली. त्याआधी लोकांना खोटा दिलासा दिल्याच्या आरोपावरून 2012 मध्ये सहा शास्त्रज्ञांना शिक्षा झाली. 2014 मध्ये ते अपिलात सुटले. त्याच खटल्यात एका सरकारी अधिकाऱ्याची शिक्षा मात्र, कमी होऊन का होईना, कायम राहिली. मलकोवालपासून लाक्विलापर्यंत प्रश्न तोच आहे: सल्ला कोणाचा, आणि तो लोकांपर्यंत कोणी, कोणत्या शब्दांत पोहोचवला?

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले, पण पूर्णपणे नाही. स्वातंत्र्याआधीच, 1942 मध्ये, सीएसआयआर स्थापन झाली होती आणि शांतिस्वरूप भटनागर तिचे प्रमुख झाले होते. 1958 मध्ये संसदेपुढे विज्ञान धोरणाचा ठराव आला. होमी भाभांचा शब्द थेट पंतप्रधानांपर्यंत पोहोचत असे. या काळाकडे आपण कौतुकाने पाहतो आणि ते योग्यच आहे, कारण त्यातून उभ्या राहिलेल्या संस्था आजही देशाला पोसत आहेत. पण सल्ल्याची वाट व्यक्तिगत जवळिकीतून जात होती. अणुऊर्जेचे काम 1948 च्या कायद्याने गुप्ततेच्या कुंपणात गेले. त्या कुंपणाबाहेरून बोलणारे थोडे होते. मेघनाद साहा 1952 मध्ये अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले आणि तिथे या गुप्ततेवर प्रश्न विचारत राहिले. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी टीआयएफआरमध्ये गणिती होते. भारतासारख्या उन्हाच्या देशाने अणुशक्तीपेक्षा सौरशक्तीवर भर द्यावा, असे ते आग्रहाने मांडत होते. 1962 मध्ये संस्थेने त्यांची नेमणूक पुढे वाढवली नाही. आज राज्याराज्यांत सौर प्रकल्प उभे राहात असताना कोसंबींचे ते लेखन वाचले की वाटते, त्यांचे म्हणणे तेव्हा अधिकृत टेबलावर, भाभांच्या म्हणण्याशेजारी, नोंदले गेले असते तर वाद तरी नीट झाला असता.

पुढच्या समित्यांची नावे बदलत गेली. 1968 मध्ये कॉस्ट, 1971 मध्ये एनसीएसटी, 1986 मध्ये सी. एन. आर. राव यांच्या अध्यक्षतेखाली पंतप्रधानांची विज्ञान सल्लागार परिषद, आणि 1999 मध्ये प्रधान वैज्ञानिक सल्लागाराचे पद. त्यावर पहिली नेमणूक एपीजे अब्दुल कलाम यांची झाली. या साखळीचा तपशीलवार इतिहास संग्रहात आहे. इथे एवढेच नोंदवतो की यातली कोणतीही रचना संसदेला जबाबदार नव्हती, आणि सल्ला प्रसिद्ध करण्याचे बंधनही कुठल्याच रचनेवर नव्हते.

खरे यश आले ते बाहेरून. केरळातल्या सायलेंट व्हॅलीत 120 मेगावॉटचे जलविद्युत केंद्र व्हायचे होते. केरळ शास्त्र साहित्य परिषदेतल्या शिक्षकांनी आणि अभियंत्यांनी त्या प्रकल्पाचा तांत्रिक व आर्थिक ताळा स्वतः मांडला आणि राज्याला वीज अन्य मार्गांनी मिळू शकते हे आकड्यांनी दाखवले. प्रकरण दिल्लीत पोहोचले आणि एम. जी. के. मेनन यांच्या समितीकडे गेले. तरुण गाडगीळ त्या समितीत होते. शेवटी इंदिरा गांधींच्या सरकारने प्रकल्प सोडून दिला आणि 1984 मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. सरकारी समिती, विद्यापीठ आणि लोकसंघटना या तिघांच्या ताळ्यातून निर्णय झाला. भारतात स्वतंत्र सल्ल्याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

अमेरिका आणि ब्रिटन यांचा अनुभव आपल्याला दोन कारणांनी उपयोगी आहे: तिथे संस्था आधी उभ्या राहिल्या आणि तिथल्या चुका कागदावर आहेत. स्पुटनिकनंतर आयझेनहॉवर यांनी शास्त्रज्ञांची सल्लागार समिती व्हाइट हाउसमध्ये आणली. तिच्यातले काही सदस्य ध्वनिवेगाहून जलद प्रवासी विमानाच्या विरोधात जाहीरपणे बोलले. 1973 मध्ये निक्सन यांनी समितीच मोडली. संसदेने 1972 मध्ये स्वतःसाठी उभारलेले तंत्रज्ञान मूल्यमापन कार्यालय 1995 मध्ये खर्चकपातीच्या नावाखाली बंद झाले. ब्रिटनमध्ये गुरांच्या मेंदूरोगाबाबत 1989 च्या साउथवुड समितीने माणसाला धोका फार दूरचा असल्याचे म्हटले, पण हा अंदाज चुकला तर परिणाम अत्यंत गंभीर होतील, अशी पुस्तीही जोडली. मंत्र्यांनी पहिला भाग उचलला आणि पुस्ती गाळली. मे 1990 मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या लहान मुलीपुढे बर्गर धरला. मार्च 1996 मध्ये सरकारला संसदेत सांगावे लागले की हा रोग बहुधा माणसांपर्यंत पोहोचला आहे. पुढच्या फिलिप्स चौकशीने या साऱ्याचा जो ताळेबंद मांडला तो प्रत्येक सचिवाने वाचावा असा आहे. तिथला मुख्य दोष खोटे बोलण्याचा नव्हता. लोक घाबरतील या भीतीने अनिश्चितता झाकण्याचा होता, आणि माझ्या मते आपल्या प्रशासनाचीही हीच मूळ व्याधी आहे. त्यानंतरही 2009 मध्ये अमली पदार्थांवरील सल्लागार मंडळाचे अध्यक्ष डेव्हिड नट यांना सरकारी धोरणाविरुद्ध मत मांडल्याबद्दल पदावरून काढले गेले. मग 2010 मध्ये सरकार आणि सल्लागार यांच्या संबंधांची लेखी तत्त्वे ठरली. दोन्ही देशांत प्रत्येक सुधारणेच्या आधी एक फजिती झालेली दिसते.

सत्तेने शास्त्रच बदलू पाहिले की काय होते, याची दोन उदाहरणे पुरेत. सोव्हिएत रशियात लायसेन्कोचे शेतीविज्ञान सरकारी झाले आणि जगभरच्या बियाण्यांचा संग्रह करणारे निकोलाय वाविलोव 1943 मध्ये तुरुंगात मेले. दक्षिण आफ्रिकेत अध्यक्ष थाबो म्बेकी यांनी एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच शंकास्पद ठरवले आणि औषधे लांबवली. पुढे झालेल्या एका अभ्यासाने त्या विलंबामुळे गेलेल्या जिवांचा अंदाज 3 लाख 30 हजारांहून अधिक धरला.

या अनुभवांवर विचार करणाऱ्यांच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. सर्वांत जुनी वाट सरळ आहे: शास्त्रज्ञांनी सत्य सांगावे, राज्यकर्त्यांनी त्यावरून निर्णय घ्यावा. तिला पहिला मोठा धक्का आल्विन वाइनबर्ग यांनी 1972 मध्ये दिला. काही प्रश्न विज्ञानाच्या भाषेत विचारता येतात, पण त्यांचे उत्तर विज्ञानाला देता येत नाही, असे त्यांनी दाखवले. अत्यल्प किरणोत्साराने किती माणसांना कर्करोग होईल, हा त्यातलाच एक प्रश्न. शीला जसानॉफ यांनी 1990 च्या सुमारास अमेरिकी नियामक संस्थांचा बारकाईने अभ्यास करून म्हटले की विज्ञान कुठे संपते आणि धोरण कुठे सुरू होते ही रेषा आयती मिळत नाही. ती समितीच्या टेबलावर दोन्ही बाजू मिळून आखतात, आणि ती कोण आखतो यावर सत्ता ठरते. फुंटोविच आणि रॅवेट्झ यांचे म्हणणे असे की तथ्ये अनिश्चित, मूल्ये वादात, पणाला लागलेले मोठे आणि निर्णय तातडीचा असेल, तिथे परीक्षकांच्या वर्तुळात बाधित लोकांनाही घ्यावे लागते. रॉजर पिल्के यांनी 2007 मध्ये सल्लागाराला सांगितले की तू एकच पर्याय गळी उतरवू नकोस, पर्यायांची संख्या वाढव. मला हा शेवटचा विचार उपयुक्त वाटतो, पण अपुराही वाटतो. ज्या गावाला खाणीचा धूर रोज खावा लागतो त्याच्यापुढे पाच पर्याय मांडून बाजूला होणे, ही काही नेहमीच प्रामाणिक भूमिका नसते. आणि संशयाचाच धंदा करणारेही असतात. तंबाखू उद्योगाने अनेक दशके विज्ञानाचा वेश घेऊन संशय पेरला. त्यामुळे अनिश्चितता उघड सांगा, असे म्हणताना ती कोण आणि कशासाठी सांगतो आहे हेही पाहावे लागते.

आपल्याकडची लोकविज्ञानाची परंपरा या मांडणीत स्वतंत्र घराणे म्हणून मोजावी असा माझा आग्रह आहे. गाडगीळ अहवाल वाचताना ते जाणवते. समितीने घाटाचे सुमारे नऊ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडले, प्रत्येक चौकोनाला वनस्पती, प्राणी, उतार, पाणी यांवरून गुण दिले आणि संवेदनशीलतेच्या तीन पातळ्या ठरवल्या. इथवर हे तज्ज्ञांचे काम होते. पण पुढे ती म्हणते की अंतिम सीमा ग्रामसभांनी आपापल्या भाषेत अहवाल वाचून ठरवाव्यात. सिंधुदुर्गातल्या काही ग्रामसभांनी तर आपले गाव संवेदनशील जाहीर करा असे ठराव करून समितीकडे पाठवले होते. त्यानंतर आलेल्या कस्तुरीरंगन गटाने उपग्रहाच्या बारीक चित्रांवरून घाटाचे नैसर्गिक आणि सांस्कृतिक असे भाग पाडले आणि एप्रिल 2013 मध्ये सुमारे 37 टक्के, म्हणजे जवळपास 60 हजार चौरस किलोमीटर, क्षेत्र संवेदनशील धरले. त्या गटाची चित्रे अधिक स्पष्ट होती. त्या चित्रांत न दिसणारी माणसे मात्र बाजूला पडली, असे मला वाटते. आणि या दोन्ही अहवालांच्या अंमलबजावणीची गत पाहा. 31 जुलै 2024 रोजी, वायनाडची दरड कोसळून जेमतेम एक दिवस झाला असताना, केंद्राने अधिसूचनेचा सहावा मसुदा हरकती व सूचनांसाठी काढला. पहिला मसुदा 2014 चा होता.

आज हा विषय निकडीचा का झाला, याचे उत्तर करोनाच्या काळाने दिले. महाराष्ट्राने एप्रिल 2020 मध्ये डॉक्टरांचा कृती गट नेमला आणि त्याचे सदस्य संध्याकाळच्या बातम्यांमध्ये लोकांशी बोलू लागले. काही गोष्टी चुकल्या, पण सल्ला देणाऱ्यांचे चेहरे तरी दिसत होते. 2021 च्या दुसऱ्या लाटेत मात्र देशभरच्या शेकडो शास्त्रज्ञांनी पंतप्रधानांना जाहीर पत्र लिहून चाचण्यांची आणि रुग्णांची माहिती अभ्यासासाठी खुली करण्याची मागणी केली. माहितीच हाती नसेल तर स्वतंत्र सल्ला देणार कसा? विषाणूचा तेव्हाचा नवा प्रकार महाराष्ट्रातल्या नमुन्यांतही ठळकपणे दिसला होता, हे लक्षात घेतले की त्या मागणीचे वजन कळते. आपल्या विज्ञान अकादमींनीही या बाबतीत स्वतःकडे पाहायला हवे. सप्टेंबर 2010 मध्ये सहा अकादमींनी जनुकबदल पिकांवर मिळून दिलेल्या अहवालात दुसरीकडचा मजकूर जसाच्या तसा आढळला आणि तो मागे घेऊन सुधारावा लागला. स्वातंत्र्य मागणाऱ्या संस्थेला आधी आपले काम चोख ठेवावे लागते.

या संग्रहात भूवैज्ञानिक, आरोग्य अधिकारी, शेतीशास्त्राचे अध्यापक, माहिती अधिकाराचे कार्यकर्ते आणि मंत्रालयात फायलींवर शेरे लिहिलेले निवृत्त अधिकारी यांचे लेख आहेत. त्यांचे एकमेकांशी पटत नाही आणि संपादनात आम्ही ते मतभेद मिटवलेले नाहीत. जनुकबदल पिकांवरचे दोन लेख तर एकमेकांना उत्तर देतात. संरक्षण क्षेत्र मुद्दाम वगळले आहे, कारण तिथल्या गुप्ततेची कारणे वेगळी आहेत आणि त्यांची चर्चा वेगळ्या पुस्तकात व्हायला हवी. राज्य आणि जिल्हा पातळीला मात्र आम्ही मोठी जागा दिली आहे, कारण इंग्रजीतले या विषयावरचे बरेचसे लेखन दिल्ली, लंडन आणि वॉशिंग्टनपाशी थांबते. जुलै 2023 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. त्याआधी 2014 मध्ये माळीण आणि 2021 मध्ये तळिये झाले होते. यादी करताना उतार, माती, पाऊस आणि वरचे सपाटीकरण यांपैकी काय धरले जाते, दर किती वर्षांनी ती तपासली जाते आणि वाडीतल्या माणसाला भेग दिसली तर ती त्या यादीपर्यंत कशी पोहोचावी, हे एका लेखात टप्प्याटप्प्याने मांडले आहे. तहसील कार्यालयात जाऊन आपल्या गावाचा अहवाल मागणाऱ्या वाचकाने तिथूनच सुरुवात केली तरी चालेल. अर्जाचा नमुना त्याच लेखाच्या शेवटी दिला आहे.